तीर्थनच्या पाण्यात पहिली माशी

लहानपणापासून मी खाडीवर गरवायला जातो. गरीला कोळंबी, तंगुसाला शिशाचं वजन, ते गरागरा फिरवून लांब भिरकवायचं आणि वाट बघत बसायचं. एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंग, म्हणजे गरीला नकली माशी बांधून गरवणं, शिकायला गेलो तेव्हा हा सगळा सराव बाजूला ठेवावा लागला.

औटच्या बोगद्याआधी मनालीचा रस्ता सोडला की लारजी, बंजार आणि मग गुशैनी. वरच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातून येणारं पाणी इतकं थंड की घोटे बधिर होतात. इथला ब्राऊन ट्राउट मासा मूळचा नाही, इंग्रजांनी आणून सोडलेला. मत्स्यविभागाचा परवाना लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद.

शिकवणारे भाईजी गावातलेच. त्यांनी आधी पाण्यातला एक दगड उलटा केला. खाली वाळूच्या कणांची नखाएवढी नळी चिकटलेली, आत जिवंत अळी. पुढे तिचीच माशी होते. ट्राउटचं खाणं हेच. म्हणून आपली माशीही तशीच दिसायला हवी: पिसं आणि दोरा गुंडाळलेली इवलीशी गरी. तळहातावर ठेवली तर वजन जाणवत नाही. मग ती लांब जाते कशी? इथे वजन असतं दोरीत. जाड, गुळगुळीत दोरी, तिच्या टोकाला नऊ फुटांचा निमुळता तंगूस आणि शेवटी माशी.

काठी घड्याळातल्या दहावरून एकवर न्यायची आणि थांबायचं. हे थांबणंच कठीण. दोरी मागे सरळ व्हायच्या आत काठी पुढे आणली की चाबकासारखा फटका वाजतो आणि माशी तुटते. माझ्या दोन गेल्या. "पीछे देखो," भाईजी म्हणाले. मान वळवली, तर देवदारांपुढे ती हिरवी दोरी हवेत हळूहळू उलगडत होती. ती ताठ झाली तशी हाताला ओढ लागली. त्या ओढीवर काठी पुढे आणली, आणि माशी अलगद पाण्यावर टेकली.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड उभा असतो. माशी पाण्याच्याच वेगाने त्याच्यापर्यंत वाहत यायला हवी. दोरीने तिला ओढलं की पाण्यावर रेघ उमटते, मग तो तोंड लावत नाही. म्हणून दोरीचा पोट आलेला भाग सतत प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकायचा.

तिसऱ्या संध्याकाळी एकाने माशी घेतली. वीतभर, अंगावर फिकट कड असलेले लाल ठिपके. भाईजींनी आधी माझे हात पाण्यात बुडवायला लावले. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. खाडीतला मासा आमच्याकडे कालवणात जातो आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण हा अजून लहान होता. प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले दोन-चारदा हलले, आणि हात रिकामा.

भाईजींनी डोंगराकडे बघून अजून अर्धा तास उजेड आहे म्हणून सांगितलं. मी माशी फुंकून वाळवली आणि पुन्हा पाण्यात उतरलो.