मारकुटा मासा काढून टाकू का?

सिक्लिड, म्हणजे गोड्या पाण्यातले हद्दीसाठी भांडणारे मासे, पाळणारे मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात. ‘एक मासा बाकीच्यांना जगू देत नाही, त्याला काढून टाकू का?’ विचारणाऱ्याच्या टाकीत तोवर कुणाचे तरी पर फाटलेले असतात. म्हणून उत्तर आधीच देते: काढायचाच तर मार खाणारा आधी काढा. मारणाऱ्याचं नंतर बघू.

हे मी एक मादी गमावून शिकले. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या ऑराटस या सिक्लिड जातीची सहा पिल्लं मी आणली होती. लहानपणी सगळी सारखीच दिसतात, पिवळीधमक, अंगावर आडवे काळे पट्टे. काही महिन्यांत त्यातलं एक काळवंडायला लागलं. ऑराटसच्या नराचा रंग वयात येताना असा उलटतो, पिवळा भाग काळा पडतो आणि पट्टे फिके होतात. त्याचा रंग पूर्ण बदलेपर्यंत अर्धी टाकी त्याची झाली होती, पंधरा दिवसांत उरलेलीही. मी त्याला काढलं. थोडे दिवस शांततेत गेले. मग तोवर हीटरच्या मागे अंग चोरून राहणारा दुसरा एक काळा पडू लागला, आणि तो पहिल्याहून वाईट निघाला. एक मादी चार दिवस वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाशी, पर मिटून उभी होती. मला वाटलं, विसावलीय. पाचव्या दिवशी ती मेलेली सापडली. तिची शेपटी जवळपास उरलीच नव्हती.

गादी रिकामी झाली की कोणीतरी बसतोच. आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवरातल्या बर्टोनी या सिक्लिडवर जीवशास्त्रज्ञ रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम झालं. दादा नराला टाकीतून काढलं, की दबून राहिलेल्या नराचा रंग आणि वागणं काही मिनिटांतच बदलू लागतं, असं त्यांना २००५ साली दिसलं. ते वाचलं तेव्हा मला माझा हीटरमागचा मासा आठवला.

मलावी सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आहे. तिथल्या खडकाळ किनाऱ्यावरचे मासे, ज्यांना तिथल्या टोंगा भाषेत म्बुना म्हणतात (ऑराटस त्यांतलाच), तेही भांडतात. नर आपला खडक राखतो, परका आला की अंगावर जातो. परका पळतो, खडकाआड होतो, तिथं भांडण संपतं. चार फुटांच्या टाकीत पळणारा काचेवर आपटतो आणि पुन्हा समोरच येतो. राखणाऱ्याच्या दृष्टीनं तो अजून गेलेलाच नसतो, म्हणून पाठलाग थांबत नाही.

त्यामुळे माझा सगळा भर दगडांवर असतो. मधोमध एकच देखणी गुहा रचू नका, तिला एकच मालक मिळेल आणि तो सगळ्यांना छळेल. लहान लहान फटी भरपूर ठेवा. दगडांची रास पाण्याच्या वरच्या थरापर्यंत न्या, म्हणजे एका टोकाच्या माशाला दुसरं टोक दिसत नाही. दगड आधी थेट टाकीच्या तळावर टेकवा, वाळू नंतर भोवती घाला. हे मासे वाळू उकरतात, आणि वाळूवर रचलेला ढीग कधीतरी त्यांच्याच अंगावर कोसळतो.

‘मग संख्या कमी ठेवली तर?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. म्बुनांच्या बाबतीत उलट आहे. तीनच मासे असले तर सगळा मार सर्वांत दुबळ्याच्या वाट्याला येतो. चार फुटांच्या टाकीत पंधरा-वीस असले तर मार वाटला जातो, शिवाय एवढ्या गर्दीत कुणाला हद्द नीट आखताच येत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात, आणि एकसारख्या रंगाच्या दोन जाती शेजारी नकोत, कारण नर आपल्यासारख्या दिसणाऱ्यावरच सर्वांत जास्त चिडतो. पण एवढ्या माशांची घाण फिल्टरनं ओढली पाहिजे आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा तरी पाणी बदललं पाहिजे. ते जमणार नसेल तर ही वाट धरू नका, मासे मारामारीऐवजी पाण्यानं मरतील. आणि पहिलीच टाकी असेल तर ऑराटस नकोच. यलो लॅब हा पिवळा म्बुना आणा, तो बराच सौम्य असतो.

हा गर्दीचा उपाय अमेरिकेतल्या मोठ्या सिक्लिडना लावू नका. जॅक डेम्प्सी या माशाला एका मुष्टियोद्ध्याचं नाव उगाच मिळालेलं नाही. अशांची जोडी जमली की तिला स्वतंत्र टाकी द्या. तिथं वेगळाच धोका असतो: हाकलायला शेजारी उरला नाही, की नर मादीवर उलटतो. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांनी सिक्लिडच्या जोड्यांमध्ये हे पाहिलं होतं. अशा वेळी मधे जाळी घाला, तिची भोकं मादी निसटेल पण मोठा नर अडेल एवढीच ठेवा.

नवे मासे सोडताना एकेकटा सोडू नका, चार-पाच एकदम सोडा. आधी दगड हलवून हद्दी मोडा आणि दिवा बंद ठेवा. जखमी मासा बरा होऊन परततानाही हेच करा. दगड हलवल्यावर जुन्या मालकालाही आपली जागा नव्यानं शोधावी लागते, आणि तेवढा वेळ आलेल्याला पुरतो.

आता खाणं टाकताना मी झडप घालणाऱ्यांकडे बघत नाही. वर न आलेला मासा शोधते. तो कुठं उभा आहे, पर मिटलेत का, शेपटीची कड अखंड आहे का, एवढं पाहते. सलग दोन दिवस तो आला नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता जाळं हातात घेते. रिकामी छोटी टाकी फिल्टरसकट कायम चालू ठेवलेली असते.