खड्डे बरे, गुळगुळीत नको

मी साताऱ्यात राहते, शाळेत गणित शिकवते आणि गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकल काढते. स्टाफरूममध्ये ठरलेला प्रश्न असतो, "घाटात भीती नाही का हो वाटत?" घाटाची नाही वाटत. घाटात सगळेच जपून असतात. मला धडकी भरते ती नवीन झालेल्या, सरळसोट, गुळगुळीत रस्त्याची.

हे शहाणपण उशिरा आलं. पहिली लांबची फेरी मी लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीपर्यंत केली. नकाशात बघितलं, हायवेला सर्व्हिस रोड आहे, म्हटलं झालं काम. पण सर्व्हिस रोड पूल आला की संपतो, आणि मग तुम्ही थेट पुणे-बंगळूरच्या ट्रकांत. परत सर्व्हिस रोड लागतो तर त्यावर समोरून उलटे येणारे दुचाकीवाले, वर आपल्याकडेच रागाने बघणारे. विहीर मात्र सुरेख आहे हो. अठराव्या शतकातली, अष्टकोनी, पाण्यावर चक्क दगडी महाल बांधलाय. पण त्या गार दगडावर बसून अर्धा तास मी फक्त परत कसं जायचं हेच घोकत होते.

तेव्हापासून रस्त्याचं डांबर नंतर, साइडपट्टी आधी बघते. नवा थर टाकला की रस्ता वर येतो आणि कडेची माती तिथेच खाली राहते. मध्ये चार-पाच बोटांची पायरी. मागून एसटीने हॉर्न दिला, तुम्ही भल्या मनाने खाली उतरलात, की खरी गंमत पुढे. परत वर चढताना चाक त्या पायरीला घासत राहतं, चढत नाही, हँडल वळतं आणि तुम्ही नेमके रस्त्यावरच आडवे होता. अशा वेळी सरळ थांबावं, उतरावं, सायकल उचलून वर ठेवावी. लाज वाटते, पण कोपरं शाबूत राहतात. त्यापेक्षा जुना, उखडलेला, मुरमाची भरलेली साइडपट्टी असलेला रस्ता शंभर पटीने बरा. खड्ड्यांमुळे माझा वेग कमी होतो हे खरं, पण गाड्यांचाही होतोच की!

अनोळखी फाट्यावर मी मैलाच्या दगडाचं डोकं बघते. पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, गुपचूप मागे फिरायचं. हिरवं म्हणजे राज्यमार्ग, सकाळी आठच्या आत ठीक. भगवं दिसलं की बिनधास्त आत शिरायचं. तो ग्राम सडक योजनेतला रस्ता, कुठल्यातरी गावाच्या देवळापाशी जाऊन टेकणार. (दगडावर वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलेलं नसेल तर रंग कळतो.)

पण एवढ्यावर भागत नाही. रस्ता तोच, वेळ बदलली की तो वेगळाच होतो. सकाळी साडेसहाला कोरेगावकडे निघालं की संगम माहुलीच्या आधीपासूनच सूर्य थेट तोंडावर. माझ्या डोळ्यांत गेला तर मी चष्मा लावीन. तो मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत जातो, आणि त्याला मी दिसतच नाही, याचं काय करू? म्हणून सकाळी मी मेढ्याच्या बाजूला जाते. ऊन पाठीवर, बाजूला वेण्णेचं खोरं. परतेपर्यंत सूर्य चांगला वर आलेला असतो.

कासच्या पठाराचंही तसंच. तिकडे चढणारा यवतेश्वरचा घाट मला फार प्रिय, पण सप्टेंबरातल्या रविवारी नाही. फुलं बघायला निघालेल्या गाड्यांच्या धुरात चढायचं कशाला? मधल्या वारी एखादी सुट्टी येते, ती मी कासवरच खर्च करते.

आणि ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतर चार महिने अंधारात बाहेर पडणं बंद. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने लिंपलेला. बैलगाड्यांचं तर विचारूच नका. रस्त्यावर पडलेली कांडी पहाटे काळ्या डांबरावर दिसत नाही, चाकाखाली आली की रुळासारखी फिरते.

बाई म्हणून आणखी एक हिशोब असतो, तो पुरुष सायकलवाल्यांना सुचत नाही. ते म्हणतात, "एकदम रिकामा रस्ता आहे मॅडम, मज्जा येईल." मला रिकामा रस्ता नको असतो. गाड्या कमी आणि माणसं थोडी, असा हवा असतो. दूध डेअरीवर किटल्या घेऊन आलेले चार जण, उघडं चहाचं टपरं, दिवसातून दोनदा का होईना येणारी एसटी. पंक्चर झालं तर कोणाला हाक मारणार, हे मला आधी माहीत पाहिजे.

अशाच एका भगव्या दगडाच्या रस्त्यावर मागच्या ऑक्टोबरात मी पडले. वळणावर अर्धा रस्ता भरून सोयाबीन वाळत घातलं होतं. मला वाटलं, जाईल वरून. दाणे म्हणजे छर्रेच! पुढचं चाक कधी निसटलं कळलंही नाही. शेजारच्या घरातून एक आजी धावत आल्या.

"पडलीस व्हय गं? लागलं का?"

"नाही आजी, थोडं खरचटलं."

त्यांनी हळद आणली, गुडघ्यावर दाबली, पाणी दिलं. मग सायकलकडे, माझ्या हेल्मेटकडे आणि पिकत चाललेल्या केसांकडे नीट बघून विचारलं, "कुठनं आलीस?"

"साताऱ्यावरनं."

"यष्टी बंद हाय का काय?"

मी त्यांचं सांडलेलं सोयाबीन गोळा करू लागले तर त्यांनी हात धरून बसवलं. रागावल्या नाहीत. खरं तर मीच रागवायला हवं होतं म्हणावं, तर अंगण सोडून रस्त्यावर वाळत घालायची पाळी का येते हेही त्यांच्या एवढ्याशा अंगणाकडे बघून कळत होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा तिकडेच गेले, वळणाआधीच उतरून. सोयाबीन होतंच. पण या खेपेला कडेला हातभर जागा मोकळी ठेवलेली होती. माझ्यासाठी की म्हशींसाठी, ते विचारलं नाही.