आमच्या किलोत शेण नसतं

"गांडुळं घरात टिकत नाहीत." पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये हे वाक्य मी ऐकून घेतलंय. ओल्या कचऱ्याचं खत करणारी गांडुळं आम्ही किलोवर विकतो. हे वाक्य कुणामुळे पसरलं ते मला ठाऊक आहे, म्हणून आज लिहिते.

2016 चे घनकचऱ्याचे नियम आले आणि 5000 चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांना ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवणं सक्तीचं झालं. गांडूळखत करणाऱ्यांना महापालिकेची मिळकतकरातली सवलत होतीच. मागणी वाढली, तसे विकणारेही वाढले. त्यातला एक जण आमच्याच गिऱ्हाइकांकडे आमच्या निम्म्या दराने गेला. त्याचा किलो म्हणजे ओल्या शेणाचा गोळा, त्यात मूठभर गांडुळं, आणि तीही पावसाळ्यात शेतातून उकरलेली! या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. शेतातलं गांडूळ खोल बिळात राहणारं, मातीवर जगणारं. टबात भाजीच्या देठांमध्ये कोंडलं की ते पळतं, नाहीतर मरतं. टबाला लागतं ते वरच्या कुजत्या पाल्यात राहणारं, आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस जातीचं.

आम्ही दोघं नवरा-बायको पुण्याजवळच्या पिरंगुटच्या शेडमध्ये गांडुळं कशी काढतो, तेही सांगते. गांडुळं वाढवायच्या वाफ्यातला माल प्लॅस्टिकच्या कागदावर ढीग करून ओततो आणि वर बल्ब लावतो. उजेड सोसत नाही म्हणून गांडुळं खाली सरकतात. मग वरचं खत हाताने खरवडायचं, थांबायचं, पुन्हा खरवडायचं. शेवटी तळाला नुसत्या गांडुळांचा लालसर गोळा उरतो आणि तोच तराजूत जातो. खरवडलेलं खत चाळणीतून काढून परत वाफ्यावर, कारण त्यात अंडी असतात. यात वेळ जातो, अंग मोडून येतं. निम्म्या दरात हे होत नाही.

त्याच्या गांडुळांनी माना टाकल्या, सोसायट्यांच्या खताच्या टाक्या सडल्या, चिलटं झाली, वास सुटला. बोल मात्र सगळ्या गांडूळवाल्यांना लागला. आमच्या ऑर्डरी रद्द झाल्या, दिलेले आगाऊ पैसे लोकांनी परत मागितले. पण गांडुळं म्हणजे काही गोदामातला माल नव्हे. विक्री बंद म्हणून त्यांचं खाणं बंद ठेवता येत नाही. शेण विकतच आणत होतो. भर उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट अंथरायचं, वाफ्यांवरची गोणपाटं सकाळ-संध्याकाळ भिजवायची. शेडचं भाडं थकलं, ह्यांची मोटारसायकल गेली. वाफा एकही मरू दिला नाही.

सावरलं ते नारायण पेठेतल्या काकूंनी. आमचं अगदी सुरुवातीचं गिऱ्हाईक; मागच्या गॅलरीत दोन टब. त्या ओळखीच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना घरी बोलवायच्या, चहाच्या आधी टबात हात घालायला लावायच्या. "चार माणसांचा कचरा आहे हा. शोधा वास," म्हणायच्या. खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, दुसरा येत नाही. त्यांच्या गॅलरीतून आम्हाला जेवढी कामं मिळाली, तेवढी कुठल्याच जाहिरातीने मिळाली नाहीत. काकूंना खत चाळायला आजही मी स्वतः जाते.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

आता घरी सुरू करणाऱ्यांसाठी. किलोभर गांडुळं दिवसाला साधारण अर्धा किलो कचरा संपवतात, त्याहून जास्त ओतू नका. ताजं शेण तापतं, पंधरा दिवस जुनं घ्या. लिंबाच्या साली, तेलकट-खारट उरलंसुरलं टबात नको. कचरा एका कोपऱ्यात पुरा, वर सुका पाला. मूठ दाबली की हात ओला व्हावा, पाणी गळू नये. मुंग्या येत असतील तर टबाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या मारायचा खडू किंवा पावडर मारलीत तर मुंग्यांबरोबर गांडुळंही जातील. आणि एप्रिल-मे महिन्यांत टब पश्चिमेच्या गॅलरीत अजिबात ठेवू नका, न्हाणीघराजवळच्या सावलीत हलवा.