पाडवा पहाट आणि डायब्लोचा डोंगर

आमच्या मंडळाची पाडवा पहाट कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीकमधल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये होते. सकाळी सहाला सुरुवात, कारण खिडकीतून समोरच माउंट डायब्लो दिसतो आणि सूर्य त्याच्याच मागून वर येतो. ललत राग संपता संपता डोंगराची कड उजळायला लागते, पोरं सतरंजीवर पेंगत असतात, मागे कुणीतरी हळूच थर्मास उघडतं... मला वर्षभर ह्याच सकाळची ओढ असते.

तंबोरे लावायचं काम भाऊचं. दोन्ही मिरजेचे, त्यानेच आणलेले. पहाटे पाचला येऊन तो घोडीवर तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत बसायचा, जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, खुलली की मान न वळवता नुसता हात वर करायचा. सुताचे तुकडे कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीत. २०१८ च्या दिवाळीनंतर भाऊ हार्ट अटॅकने गेला, एका रात्रीत.

पुढचा पाडवा जवळ आला तेव्हा त्याची मुलगी माझ्याकडे आली, ती शाळेच्या क्वार्टेटमध्ये, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या चौकडीत, व्हायोला वाजवते, म्हणाली, "काकू, आम्ही चौघं बाबांसाठी एक पीस वाजवू का?" पीस होता अमेरिकन संगीतकार टेरी रायलीचा 'रेक्विएम फॉर ॲडम', म्हणजे ॲडमच्या आठवणीतलं शोकसंगीत. मी तोवर ऐकलाही नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटचे व्हायोलिनवादक डेव्हिड हॅरिंग्टन, ॲडम हा त्यांचा मुलगा, सोळा वर्षांचा. १९९५ च्या ईस्टरला घरच्यांबरोबर डोंगरावर फिरायला गेला आणि तिथेच गेला, हृदय अचानक बंद पडून. तो डोंगर म्हणजे हाच, आमच्या खिडकीतला डायब्लो. रायली हॅरिंग्टनचा जुना मित्र, ॲडमला लहानपणापासून ओळखणारा. १९७० च्या दशकाच्या शेवटी मिल्स कॉलेजात त्यांची ओळख झाली, रायली तेव्हा बहुतेक इम्प्रोवाइज करायचा, त्याला क्वार्टेटसाठी कागदावर लिहायला लावलं ते हॅरिंग्टननेच. आणि मग त्याच मित्राच्या मुलासाठी त्याला हे लिहावं लागलं.

मीटिंगमध्ये एकदोघांना पटेना, सणाच्या दिवशी असलं कशाला. त्यांचंही चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, रायली पंडित प्राणनाथांचा शिष्य, वर्षानुवर्षं त्यांच्यापाशी बसून गाणं शिकलेला, आणि प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे. आमच्याकडे दरवर्षी ललत गाणाऱ्या आजी किराणा घराण्याच्या, त्यांनी एकदम मान वर केली. "वहीद खाँसाहेब म्हणजे आपल्या हिराबाई बडोदेकरांचे गुरू! म्हणजे तो घरचाच की गं." मग कुणी काही बोललं नाही.

त्या पहाटे तंबोरे मी लावले, भाऊच्याच डबीतलं सूत घेऊन, पाऊण तास लागला. पोरांनी फक्त पहिला भाग वाजवला, त्यात चार सुरांचा एक छोटा जिना आहे, तो वर चढतो, मध्येच षड्ज बदलल्यासारखा होतो, परत पहिल्या पायरीपासून चढतो, आणि हे थांबतच नाही. रडगाणं अजिबात नाही ते. मला तर सारखं वाटत होतं की पोरगा दमत नाहीये, पुढे पुढे पळतोय आणि आईबाप मागून हाका मारतायत. भाऊची मुलगी डोळे मिटून नव्हती, सरळ आमच्याकडे बघत वाजवत होती, गजाच्या राळेची पांढरी पूड तिच्या काळ्या कुर्त्याच्या बाहीवर पडत होती आणि तोवर ऊन खिडकीतून तिच्या गुडघ्यापर्यंत आलेलं. संपल्यावर टाळ्या नाहीत, पाच मिनिटं तरी कुणी उठलं नाही, वहिनी तशाच बसून. मग आजींनी भैरवी घेतली.

२०२० ला पहाट झालीच नाही, लॉकडाऊन. नंतर पुन्हा सुरू झाली, आणि आता ललत आणि भैरवीच्या मध्ये एक क्वार्टेट असतंच, कुणी कार्यक्रमपत्रिकेत ठरवून घातलं नाही, ते राहिलं. पहिली चार पोरं कॉलेजला पांगली, नवी आली. भाऊची मुलगी मात्र जिथे असेल तिथून पाडव्याला येते, पहाटे पाचला, आणि तंबोरे आता तिच्याकडेच. डबीतलं सूत मागच्या वर्षी संपलं म्हणून मी मिरजेहून नवीन मागवलं, तिने त्याचे तुकडे करून त्याच डबीत भरून ठेवलेत.