तुम्ही विचारलंत म्हणून: लेकराला कोणत्या आर्ट कॉलेजला टाकू?

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. गेवराई, उदगीर, जिंतूर, भोकरदन. प्रश्न एकच असतो: "सर, लेकराचा हात लई चांगला हाय, कोणत्या कॉलेजला टाकू?" मी नाव सांगत नाही, उलट चार गोष्टी विचारतो, आणि समोरच्याला वाटतं मी टाळतोय. "एक नाव विचारलं तर तुम्ही आमचीच परीक्षा घेता," असं तोंडावर ऐकवणारेही भेटतात. म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

पहिली अडचण वेळेची. निकालानंतर विचारता, तेव्हा बरेचसे दरवाजे बंद झालेले असतात. आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनच्या प्रवेशाची यूसीड परीक्षा जानेवारीत होते आणि तिचे अर्ज ऑक्टोबरपासून भरले जातात. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्था) आणि निफ्टची (फॅशनची राष्ट्रीय संस्था) पहिली लेखी फेरीही हिवाळ्यातच उरकते. बीएफएसाठी, म्हणजे ललित कलेच्या पदवीसाठी, राज्याची सीईटी असते, तीही बारावीच्या निकालाआधीच होऊन जाते. जूनमध्ये उरतात त्या खासगी संस्थांच्या आणि रिकाम्या राहिलेल्या जागा. त्यात चांगली जागा मिळणारच नाही असं नाही, पण तेव्हा तुम्ही निवडत नसता, मिळेल ते घेत असता. हा प्रश्न अकरावीच्या दिवाळीत विचारा.

दुसरी अडचण "हात चांगला" या दोन शब्दांची. मोबाइलवर चित्रं येतात: शिवाजी महाराज, बाबासाहेब, एखादा नट. फोटोवर चौकटी आखून, पेन्सिलने, हुबेहूब. त्यामागची चिकाटी खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण त्यावरून कॉलेज ठरवता येत नाही. का, ते एका मुलाच्या मुलाखतीवरून सांगतो.

मुलगा परभणी जिल्ह्यातला. एका खासगी डिझाइन संस्थेत त्याची मुलाखत होती. वीस पोर्ट्रेटची जाडजूड फाइल घेऊन वडिलांबरोबर रात्रीच्या एसटीने गेला. परीक्षकांनी फाइल चाळली, मिटली आणि कोरा कागद पुढे केला. तुझ्या गावचा एसटी स्टँड वरून काढ, झाडावरच्या पक्ष्याला दिसेल तसा. म्हातारी माणसं कुठे बसतात, तेही दाखव. वेळ अर्धा तास. ज्या स्टँडवरून तो रोज कॉलेजला जायचा, तो त्याला कागदावर उतरवता येईना. पहिली रेघ कुठे ओढायची तेच कळेना, कारण आजवर ती रेघ चौकटीने ठरवून दिलेली होती. शेवटी त्याने समोरून दिसणारी एक एसटी काढली. टायरचं शेडिंग अगदी सुंदर. मग त्यांनी विचारलं, या स्टँडवर अडचण कुणाची होते? पोरगं गप्प.

परतीच्या गाडीत मात्र तो वडिलांना सगळं सांगत होता. गावाची पाटी इतकी उंच की नजर कमी झालेल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. गाडी कोणत्या फलाटाला लागणार हे ती लागेपर्यंत कळत नाही, म्हणून सगळे एकदम धावतात आणि लेकुरवाळ्या बाया मागे राहतात. खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याला जागा मिळते. नळ आहे, पण त्याच्यासमोरच चिखल. हेच त्या परीक्षकांना ऐकायचं होतं. एवढं निरीक्षण असलेली मुलं फार नसतात. पण हे बोलायचं असतं, हे मोजलं जातं, असं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. शाळेतही नाही आणि क्लासमध्येही नाही. वडिलांनी निष्कर्ष काढला की पोराला चित्रकला येत नाही. त्याला डी.फार्मसीला घातलं. फाइल माळ्यावर आहे.

मला राग येतो तो इथे. त्या घराने वर्षभर "कोणतं कॉलेज" एवढंच विचारलं होतं.

तेव्हा आधी लेकराकडे बघा. कुणी सांगितलं नसताना ते काय करतं? रंगात तासन्‌तास रमत असेल, एकच झाड दहा वेळा काढत असेल, तर बीएफएचं पेंटिंग. अक्षरं, पोस्टर, लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या यात जीव असेल तर अप्लाइड आर्ट. मातीत हात घालणाऱ्याला शिल्पकला. मोडलेला पंखा उघडून बसणारं, "हे असं का केलंय" म्हणून भंडावणारं असेल, तर बी.डिझाइन. दोन्ही अभ्यासक्रम चार वर्षांचे. यूसीडला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, पण दोनदाच, तेही लागोपाठच्या वर्षी. तिचा पहिला भाग संगणकावर असतो, त्यात आकृत्या मनात फिरवून बघायच्या असतात. त्या भागात मागे पडलात तर हाताने काढलेला दुसरा भाग तपासलाच जात नाही. लातूरच्या नीटच्या सवयीने नुसते प्रश्नसंच सोडवून हे येत नाही आणि नुसतं चित्र काढूनही येत नाही.

तयारी घरीच होते. तांब्या, पाटी, कांदे समोर ठेवा आणि काढा. हमखास चुकतं ते तांब्याचं तोंड: लंबवर्तुळाची दोन टोकं टोकदार होतात. ती गोलच वळली पाहिजेत. वरून बघताना बुडाचा वक्र तोंडापेक्षा जास्त फुगीर हवा, मुलं तिथे सरळ रेघ मारून मोकळी होतात. पोस्टर कलर जाड थापला की वाळून तडकतो. सायीसारखा पातळ करून दोन हात द्यावेत. आठवणीतून आठवडी बाजार काढा, पाठमोरी माणसं काढा. फाइलमध्ये पंधरा कामं पुरतात. त्यात कच्ची रेखाटनं आणि फसलेले प्रयत्नही असू द्या, विचार कसा पुढे सरकला ते त्यातूनच दिसतं. जाता जाता, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेतल्या "अ" श्रेणीचे दहावीला 7 गुण मिळतात म्हणून परीक्षा देऊन त्याच दिवशी ब्रश ठेवून देणारी मुलं मला फार खुपतात.

आता कॉलेज. माहितीपत्रक बघू नका, कामाच्या दिवशी दुपारी तीनला जा. स्टुडिओत मुलं आहेत का? स्क्रीन प्रिंटिंगच्या बेसिनवर शाईचे डाग आहेत का? मातीची भांडी भाजायच्या भट्टीच्या फळ्यांवर ग्लेझचे (चकाकीच्या लेपाचे) ओघळ आहेत, की ती नव्यासारखी चकचकीत आहे? छपाईच्या प्रेसवरचं नमद्याचं कापड वापरून मऊ झालंय की धुळीने कडक? यंत्र असणं आणि ते मुलांच्या हाती असणं यात फार अंतर असतं. कार्यशाळा किती वाजता बंद होते ते शिपायाला विचारा. किती शिक्षक कायम आणि किती तासिका तत्त्वावर, ते कार्यालयात विचारा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांची कामं मागून बघा. सगळी एकसारखी दिसली तर तिथे शिक्षकांचा हात गिरवला जातोय.

पैशाचं थोडक्यात. शुल्क सवलत आणि शिष्यवृत्ती हवी असेल तर प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, घ्या, मॅनेजमेंट कोट्यात ती मिळत नाही. फीशिवाय कागद, रंग, मॉडेलचं साहित्य, छपाई आणि पुढे लॅपटॉप हा खर्च दर सत्रात येतो. तो वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, कार्यालय कमीच सांगतं. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीच्या नियमाने बंदी आहे. प्रवेश रद्द केल्यास त्याच नियमात परताव्याचे टप्पे आहेत. प्रवेशाची अंतिम तारीख उलटून 30 दिवस झाले की काहीच परत मिळत नाही.

राहिला नेहमीचा वाद: संभाजीनगर की पुणे-मुंबई? पूर्वी मी ठामपणे सांगायचो, संभाजीनगरचं शासकीय कॉलेज घ्या, घर जवळ, खर्च कमी, अजिंठा-वेरूळ हाताशी, पैठणला पैठणीचे माग. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला 1872 पासून मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे विद्यार्थी इतक्या लांब येत होते, आपल्या पोरांना तर एसटीने जाता येतं. हे मला आजही पटतं. पण कामं देणारी माणसं, प्रदर्शनं, छापखाने पुण्या-मुंबईत आहेत, आणि तिथे चार वर्षं काढलेल्या मुलाच्या ओळखी आपसूक होतात, हेही दिसतं. लेण्यात बसून रेखाटन करणारं लेकरू असेल तर माझं मत इकडे झुकतं, पोस्टर करणारं असेल तर तिकडे. मुलगी आहे म्हणून जवळ ठेवायची, हे कारण मात्र मला सांगू नका.

फोन जरूर करा. फक्त त्याआधी लेकराला स्टँडवर नाहीतर बाजारात बसवून दहा कागद भरू द्या, मोबाइल खिशात ठेवून. ते कागद घेऊन या, मग नावांवर बोलू.