गूळ, १७०११३ आणि तीनदा परत आलेला सिनॉप्सिस

एमबीएला इंटरनॅशनल मार्केटिंग घेतलं की कोल्हापुरात प्रोजेक्टचे विषय बहुतेक दोनच निघतात, चप्पल नाहीतर गूळ. मी गूळ घेतला. प्रवेश झाला, गाइड मिळाले, विषयही लगेच मंजूर झाला. अडलं ते सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्याच्या, फॉर्मवरच्या एका रकान्यात: ‘निवडलेल्या देशातील बाजारपेठेचा आकार, मागील १५ वर्षे’. फॉर्म तीनदा परत आला आणि तिन्ही वेळा कोपऱ्यात पेन्सिलीनं एकच शेरा, ‘आकडे जुळत नाहीत’. कुठले आकडे, कशाशी? ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या सरांना विचारा, सर म्हणाले ऑफिसात विचारा. शेवटी स्वतःच शोधलं. आकडे चुकले नव्हते. ते जुळणारच नव्हते, आणि का जुळणार नाहीत हे लिहून देणं हाच खरा अभ्यास होता.

पहिली भानगड कोडची. कस्टममध्ये प्रत्येक मालाला एचएस कोड असतो. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे अंक प्रत्येक देशाचे आपापले. गुळाचा कोड १७०१.१३. पण हा कोड एचएस यादीच्या २०१२ च्या आवृत्तीत आला. त्याआधी कच्च्या उसाच्या साखरेसाठी १७०१.११ हा एकच कोड होता आणि गूळही त्यातच. २०१२ मध्ये त्याचे दोन भाग झाले, १७०१.१३ आणि १७०१.१४. म्हणजे २०१० पासूनचा तक्ता १७०११३ टाकून काढला, की पहिल्या दोन वर्षांच्या जागा रिकाम्या दिसतात. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये ‘२०१२ पासून निर्यातीस सुरुवात झाली’ असं वाक्य होतं. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या व्यापाऱ्यांसमोर हे मोठ्यानं वाचलं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

१७०१.१३ मध्ये काय बसतं याची व्याख्या एचएस यादीच्या सतराव्या प्रकरणाच्या टिपेत आहे आणि ती शब्दशः वाचावी. मशीनमध्ये फिरवून मळी वेगळी न केलेली उसाची साखर, कोरड्या स्थितीत पोलरीमीटरवर (साखरेचं प्रमाण मोजायचं यंत्र) ६९ अंश किंवा जास्त पण ९३ पेक्षा कमी, आणि स्फटिक नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. काहिलीतून वाफ्यात ओतलेल्या गुळाच्या रव्याचंच, म्हणजे ढेपेचंच, हे वर्णन. पण भारताच्या आठ अंकी यादीत गूळ दोन ठिकाणी आहे, १७०११३१० आणि १७०११४१०. एकच घेतला तर आकडा कमी पडतो. दोन्ही बेरजेत घ्या आणि तसं तळटिपेत लिहा. आणखी एक: वेलदोडा किंवा सुंठ घातलेल्या वड्या या कोडांत बसत नाहीत. चव किंवा रंग घातलेल्या मालासाठी १७०१.९१ आहे. (चप्पल घेणाऱ्यांचं नशीब बघा, ६४०३.२० चं वर्णनच ‘चामडी तळ, पावलावरून आणि अंगठ्याभोवती जाणारे चामडी पट्टे’ असं आहे. शोधायची गरजच नाही.)

कोड ठीक केल्यावरही भारताची निर्यात आणि समोरच्या देशाची आयात जुळेना. त्याची तीन कारणं सापडली. वाणिज्य मंत्रालयाचे आकडे मी एप्रिल ते मार्च असे घेतले होते, ट्रेड मॅप या जागतिक व्यापाराच्या आकड्यांच्या वेबसाइटचे जानेवारी ते डिसेंबर. एकाच तक्त्यात दोन्ही टाकले की गेला कामातून. दुसरं, निर्यात एफओबी किमतीत नोंदवतात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत. आयात बहुतेक देश सीआयएफमध्ये नोंदवतात, त्यात समुद्रभाडं आणि विमाही आला. गुळासारख्या जड आणि स्वस्त मालात भाड्याचा वाटा मोठा, त्यामुळे फरकही डोळ्यात भरतो. म्हणून रुपया-डॉलरबरोबर टनांचा रकाना ठेवाच, वजनाला भाडं चिकटत नाही. तिसरं, दुबई. आपल्याकडं ‘यूएई’ म्हणून नोंदलेला माल तिथून पुढं जातो, आणि ज्या देशात उतरतो तो देश उगम म्हणून भारत लिहितो. म्हणून यूएईचा आकडा बघून ‘तिथं गुळाची प्रचंड मागणी’ असं लिहू नका.

चौथ्या वेळी मी रकान्यात ‘सोबत जोडपत्र पाहावे’ एवढंच लिहिलं आणि एक पानाचा तक्ता लावला. वर्ष, कोड (२०११ पर्यंत १७०१.११, पुढे १७०१.१३ आणि १७०१.१४), भारताची निर्यात एफओबी, त्या देशाची आयात सीआयएफ, टन, आणि शेवटी फरकाचं कारण. २०१२ च्या वर जाड रेघ, कारण वरचे आणि खालचे आकडे तुलनेला चालत नाहीत. फॉर्म त्याच दिवशी मंजूर झाला. शेरा नव्हता, नुसती सही.

आता बाकीच्या सूचना, आठवतंय तसं. अपेडाचा (शेतमालाच्या निर्यातीसाठीची सरकारी संस्था) गुळाचा आकडा वापरताना शीर्षक नीट वाचा, त्यात ‘कन्फेक्शनरी’ही धरलेली असते. स्पर्धक शोधताना ‘जॅगरी’ एवढंच टाकू नका. कोलंबियात त्याला पनेला म्हणतात, ब्राझीलमध्ये रापादुरा, मेक्सिकोत पिलोन्सियो. खरी स्पर्धा तिथं आहे.

युरोप निवडला असेल तर ड्यूटी टक्क्यात शोधत बसू नका. सवलत नसेल तर ती वजनावर आहे, रिफायनिंगसाठी नसलेल्या मालाला १०० किलोला ४१.९ युरो. स्वस्त गुळाचं कंबरडं मोडतं. म्हणून मग सेंद्रिय, पावडर, छोटं पॅकिंग यांची चर्चा करायची, नुसतं ‘व्हॅल्यू ॲडिशन’ लिहून भागत नाही. शिवाय रंग उजळायला हायड्रॉस ही गंधकयुक्त पावडर घातली असेल तर सल्फर डायऑक्साइड राहतो. तो किलोला १० मिलिग्रॅमच्या वर गेला की युरोपात लेबलवर लिहावंच लागतं. आपल्याकडं पिवळाधमक गूळ भाव खातो, तिथं तपकिरी चालतो, भेंडीच्या पाण्यानं साफ केलेला.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं हे सगळेच लिहितात. ते भारतातलं आहे, दुसऱ्या देशात वेगळी नोंदणी लागते, हे फार थोडे लिहितात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न आला.

प्रश्नावलीसाठी ‘१०० नमुने’ सांगितले तर निर्यातदार शंभर मिळत नाहीत. गुऱ्हाळमालक आणि अडते धरा, निर्यातदारांच्या वेगळ्या लांब मुलाखती घ्या. पण गुऱ्हाळं हंगामातच पेटतात, जूनमध्ये गेलात तर चुलवाण थंड असतं.

आणि प्रत्येक तक्त्याखाली डाउनलोडची तारीख लिहा. देश जुने आकडे मागाहून सुधारतात. बाइंडिंगला देण्याच्या आदल्या रात्री मी परत तपासलं, तर दोन वर्षांचे आकडे बदललेले. तारीख होती म्हणून पानं परत छापावी लागली नाहीत.