तुम्ही विचारलंत म्हणून : आजी काही सांगतच नाही, मग विचारायचं काय?

"आमची आजी काही सांगतच नाही. विचारलं की म्हणते, कष्ट केलं, पोरं वाढवली, दिस काढलं, आन काय सांगू? मग तुम्हाला गावातली म्हातारी माणसं एवढं सगळं कसं सांगतात?"

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या आमच्या गावात वयस्कर माणूस गेलं की त्याच्या दहाव्याला मी त्याच्याविषयी लिहिलेली दोन-तीन पानं वाचते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते तेव्हापासून हे चालू आहे. कुणीतरी त्या पानांचे फोटो काढून पुढे पाठवतं, आणि मग पुण्याची, मुंबईची, पनवेलची नातवंडं फोन करून वरचा प्रश्न विचारतात. फोनवर घाईत उत्तर होत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगते.

आजीला तिचं आयुष्य विचारू नका. तिचं काम विचारा.

"तुमच्या आयुष्याबद्दल काही सांगा" असं पंच्याऐंशी वर्षांत तिला कुणी म्हटलेलं नसतं. तो प्रश्न पुढाऱ्याला, नटीला विचारायचा, आपल्याला नव्हे, असंच तिला वाटतं. पण "जात्यावर पायलीभर दळायला किती वेळ लागायचा?" असं विचारलंत तर ती लगेच सावरून बसते. कारण याचं उत्तर तिला येतं, आणि तुम्हाला येत नाही हेही तिला दिसतं. मग पहाटे कोणत्या चांदणीला उठायचं, दोघी असल्या तर खुंटा कसा धरायचा, सासू जागी आहे की झोपली आहे हे कसं ओळखायचं, असं एकेक येऊ लागतं. ओवी मात्र लगेच मागू नका. गिरण्या आल्यावर जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या ओठांवरून उतरल्या. गी पॉइटेवन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या हे आपल्यावर मोठं ऋण आहे. घरातलं जातं अजून शाबूत असेल तर आजीला त्याच्याजवळ बसवा आणि मूठभर ज्वारी घाला. हात फिरायला लागला की पुष्कळदा ओवी आपोआप येते, आणि ओवीत ती जे बोलते ते ती गद्यात कधीच बोलणार नाही.

पुरुषांना मोटेचं विचारावं. आमच्याकडे इंजिनं आणि विजेचे पंप येईपर्यंत विहिरीवर बैलांनी पाणी ओढायची मोटच होती. नाडा कशाचा वळायचे, सोंदूर, म्हणजे मोटेच्या सोंडेची दोरी, तुटला तर काय व्हायचं, धावेवरून बैल खाली जाताना नाड्यावर कसं बसायचं आणि त्यांना मागच्या पावली परत कसं आणायचं, मोट रिकामी होते त्या थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज रानातून ऐकून बायकोला दारं धरायला कसं कळायचं, हे सांगताना मी नव्वदीच्या माणसाला खाटेवरून उठून उभं राहिलेलं पाहिलं आहे. आयुष्याविषयी विचारल्यावर हाच माणूस "काय न्हाय बाई, शेती केली" एवढंच म्हणाला होता.

साल विचारू नका. त्या पिढीतल्या बहुतेकांचा जन्म कुठे नोंदलेलाच नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याच्या आधीही नोंदी होत, पण वस्तीवर जन्मलेली मुलगी त्यात सापडेलच असं नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावली, आधारकार्डावर १ जानेवारी आली, आणि श्रावणबाळ योजनेच्या पगारासाठी पासष्ट वर्षं पुरी झाली की नाहीत यावर तलाठी कार्यालयात वाद झाला. त्यांचं स्वतःचं पंचांग वेगळं आहे आणि ते बिनचूक आहे. आई मानमोडीत वाचली होती, म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. पत्री सरकारच्या वेळी मी गुरं राखत होतो, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीनंतरची वर्षं. भूकंपाला थोरली पोटात होती, म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. हे धागे जोडले की वय वर्षभराच्या फरकाने निघतं.

आणि बहात्तरचा दुष्काळ विचाराच. आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाकडे त्या सालाची एक पूर्ण गोष्ट असते.

माण पर्जन्यछायेत आहे, दुष्काळ आम्हाला नवा नाही. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलावसुद्धा इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामातूनच उभा राहिला. पण १९७२ ला सगळ्या महाराष्ट्राला झळ लागली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हा आकडा पुस्तकात मिळतो. त्यातलं एक माणूस दिवसभर काय करत होतं हे मला आमच्या गावातल्या बायकांनी सांगितलं.

खडी फोडायला ओळीने बसायचं. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, कारण हातोडी निसटली की नखच जायचं. कपची उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून पदर पुढे ओढून मान किंचित वळवायची. ती वळलेली मान एका काकूंना शेवटपर्यंत राहिली, भाकरी थापतानाही त्या तशाच बसत. खडीचा ढीग मोजायला मुकादम आला की बरास, म्हणजे शंभर घनफुटांचं माप, भरली का नाही यावर भांडण. तान्ही पोरं बाभळीला बांधलेल्या झोळीत. दुपारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, ती बायका स्वतः चिमूटभर तोंडात टाकून बाकीची पदरात बांधून घरी न्यायच्या. रेशनवर मिलो यायची, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, आणि खिलार बैलाला कडबा नाही म्हणून तो बाजारात कवडीमोलाने विकून आलेला नवरा तीच भाकरी पुढ्यात घेऊन न खाता बसून राहायचा.

मी तेव्हा शाळेत होते. सुट्टीत आईबरोबर कामावर जायची आणि डोक्यावरून पाण्याची घागर फिरवायची. ती घागर सगळ्यांसाठी नव्हती. आमच्या गावातल्या बौद्धवाड्यातल्या बायकांचा हजेरीचा मस्टर एकच, खडी एकच, मुकादम एकच, पण पाण्याचं भांडं वेगळं होतं. हे मला पुढे तिथल्याच एका आजींनी सविस्तर सांगितलं, आणि विहिरीवर कुणी पाणी वाढेल म्हणून किती किती वेळ उभं राहावं लागायचं तेही त्यांनीच सांगितलं. त्याच दशकात कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढावांनी "एक गाव एक पाणवठा" म्हणत गावं पिंजून काढली. आजींच्या दहाव्याला हे वाचावं का, असं काहींनी मला आडून सुचवलं. आजींची सून म्हणाली, "वाचाच बाई, त्यांनी सांगितलंय म्हंजे वाचायसाठीच सांगितलंय." मी वाचलं. एखाद्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अन्याय गाळून त्याची आठवण काढणं मला जमणार नाही, आणि तुम्हीही तसं करू नका.

त्या दोन वर्षांत गावाचा पाझर तलाव झाला, डोंगराकडचे नालाबांध झाले, आणि आज एसटी येते तो रस्ता झाला. तलावावर कोनशिला आहे. तिच्यावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव आहे, अध्यक्षांचं आहे, ठेकेदाराचंही आहे. माती वाहिलेल्या एकाही माणसाचं नाव तिथे नाही. नावं होती ती मस्टरवर, अंगठ्याच्या शाईशेजारी, आणि ते मस्टर आता कुणाला मिळत नाहीत. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम द्यायची, कल्पना दुष्काळाच्या आधीच मांडली होती. दुष्काळानंतर १९७७ ला तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ साली देशभराचा रोजगार हमी कायदा आला. पागे यांचं नाव राहिलं हे योग्यच झालं. पण काम मागायला आलेली माणसं खरोखर काम करतात, उन्हात बसून करतात, हे ज्यांनी दाखवून दिलं त्या बायका आमच्या गल्लीत राहत होत्या, आणि त्यांच्या दहाव्याला भाषण करणारे फक्त "अत्यंत कष्टाळू व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या" एवढंच म्हणत. माझं लिहिणं सुरू झालं ते हे ऐकून ऐकून. सगळ्यांना एकच वाक्य लावलं तर गेलेली नेमकी कोण होती हे कळायचं कसं?

मुंबईचंही विचारा. आमच्या तालुक्यातली निम्मी घरं मशीद बंदरच्या आणि गोदीच्या हमालीवर चालली, काही गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात पार दक्षिणेत गेले. १९६९ ला हमालांच्या संरक्षणाचा माथाडी कायदा झाला, त्याच्या आधीची हमाली आणि नंतरची हमाली यातला फरक एखाद्या आबांना विचारा. पाठीवरची गोणी कशी पेलायची, हूक कुठे टोचायचा, गावकीच्या खोलीत पाळीपाळीने कसं झोपायचं. हे पुरुष सांगतात, पुष्कळ सांगतात. त्याची दुसरी बाजू बायकांकडे असते आणि ती विचारायची राहून जाते. मनिऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची. लिहिता न येणारा नवरा ती दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा आणि वाचता न येणारी बायको पोस्टमनकडून वाचून घ्यायची. मधे दोन परकी माणसं असताना त्या दोन ओळींत काय बोलता येणार? तरी आमच्याकडच्या एका आजींनी ती कुपनं ट्रंकेत पितळी डब्यात जपली होती. मी विचारलं, पैसे किती आले हे बघायला ठेवली का? त्या म्हणाल्या, "न्हाय गं बाई. कुटल्या म्हैन्यात आलं न्हाईत, त्ये कळाय पायजे."

आता काही बारीक गोष्टी, तुमच्या उपयोगाच्या. मोबाइल समोर धरून बसू नका, आधी काहीतरी काम हातात घ्या. शेंगा फोडायच्या असतात, डाळ निवडायची असते. हात कामात असले की तिला डोळ्याला डोळा भिडवून बोलावं लागत नाही, आणि अवघड गोष्टी तेव्हाच बाहेर येतात. शेजारची तिच्या वयाची बाई बोलवा. एक चुकली की दुसरी "आगं त्यो पाऊस मागनं पडला" म्हणते, आणि खरं ते दोघींच्या वादात सापडतं. मुलगा आणि सून समोर असताना विचारू नका, पुष्कळ आज्या मुलाचं मन राखायला निम्मं गिळून टाकतात. घरात अन्न नव्हतं असं ती सांगायला लागली की "जाऊ दे आजी, नको आठवू" म्हणून तिला थांबवू नका. तिला ते आठवायचंच असतं.

आणि माहेरचं नाव विचारा. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलत. साठ-सत्तर वर्षं जी सासरच्या नावाने जगली तिला लहानपणी काय हाक मारत हे नातवंडांना माहीत नसतं, कधी कधी मुलांनाही नसतं. मी प्रत्येकीच्या पानावर आधी ते नाव लिहिते. दहाव्याला माहेरची माणसं मागे, कडेला बसलेली असतात. ते नाव ऐकलं की ती मान वर करतात.

शेवटचं म्हणजे, लिहिलेलं तिला वाचून दाखवा, ती असतानाच. गेली काही वर्षं मी दहाव्याची वाट बघत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या आळीतल्या एका आजींना त्यांचं पान वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. खडी किती महिने फोडली ते माझं दुरुस्त केलं, मुकादमाविषयीची एक ओळ काढायला लावली, आणि म्हणाल्या, "समदं माजंच लिव्हलंय. आमी एकटी व्हतो व्हय? माझ्या टोळीतल्या बायकांची नावं घाल."

त्यांनी आठवेल तेवढी नावं सांगितली, शेजारणींनी भर घातली. दोघींची अजून मिळालेली नाहीत. दोघी सांगलीतल्या आटपाडीच्या बाजूने कामासाठी आलेल्या, सख्ख्या जावा होत्या, एकीच्या काखेत मूल होतं आणि दुसरी टाकळी घेऊन लोकर कातत यायची, एवढंच आजींना आठवतं. तुमची आजी किंवा पणजी आटपाडीकडची असेल आणि बहात्तरला जावेबरोबर माणमध्ये तलावाच्या कामावर गेल्याचं सांगत असेल, तर तिला आजच विचारा आणि मला कळवा. पान मी अजून पक्कं केलेलं नाही.